सोडविलेला घोडा हरवतो तेव्हा : मैत्री आणि जबाबदारी – एक अभ्यास

प्रास्ताविक

धम्म हा विहारात बसून ऐकण्यापुरता नसून तो आचरणाचा विषय आहे, हे आपण सर्वजण जाणतो. तरीही आचरण म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पुढे आला की पुष्कळदा आपण पंचशीलाच्या उच्चारापाशीच थांबतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एक लहानसा, काहीसा अपरिचित विषय अभ्यासासाठी घेतला आहे. छळातून सोडविलेला एखादा घोडा कोणी दत्तक घेतो. काही वर्षे जातात. पुढे एक दिवस चौकशी केली असता तो घोडा कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अशा घोड्याचा शोध घ्यावा काय? कोणी घ्यावा? कसा घ्यावा?

विषय घोड्याचा दिसत असला तरी मूळ प्रश्न व्यापक आहे. ज्याला आपण एकदा वाचविले, त्याच्याविषयीची आपली जबाबदारी किती काळ टिकते, हा तो प्रश्न होय. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की सुटका हे अर्धे काम आहे. सुटलेला जीव आज कोठे व कसा आहे याची माहिती असणे हे उरलेले अर्धे काम आहे. हे म्हणणे धम्मसाहित्य, इतिहास आणि आजचा व्यवहार या तिन्ही अंगांनी तपासून पाहू.

हंस कोणाचा?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धार्थाच्या बालपणाच्या भागात जखमी पक्ष्याचा प्रसंग आहे. आपल्या मुलांना तो शाळेपासून पाठ असतो. देवदत्ताच्या बाणाने पक्षी खाली पडला. सिद्धार्थाने बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजले. मग पक्षी कोणाचा यावरून वाद झाला. शिकारीच्या नियमाने जो मारतो त्याची शिकार, हे देवदत्ताचे म्हणणे. जो रक्षण करतो त्याचाच हक्क, हे सिद्धार्थाचे म्हणणे. वाद लवादापुढे गेला आणि लवादाने सिद्धार्थाची बाजू उचलून धरली.

या प्रसंगाचा अर्थ सांगताना आपण 'मारणाऱ्यापेक्षा तारणारा श्रेष्ठ' एवढ्यावर समाधान मानतो. पण निवाडा नीट वाचला तर त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रक्षणकर्त्याला हक्क मिळाला, म्हणजेच त्या क्षणापासून पक्षी त्याच्या हवाली झाला. जखम भरली का, पंखात बळ आले का, पक्षी पुन्हा देवदत्ताच्या हाती तर पडला नाही ना, याचे उत्तर यापुढे सिद्धार्थाने द्यायचे आहे. हक्क आला की त्याच्या मागोमाग जबाबदारीही आली. घोडा सोडविणाऱ्या माणसाला अगर संस्थेला हा निवाडा जसाच्या तसा लागू पडतो.

कंथकाची सोपवणूक

घोड्याचा प्रत्यक्ष संबंध येतो तो कंथकाच्या कथेत. कंथक हा सिद्धार्थाचा घोडा आणि छन्न हा त्याचा सारथी. गृहत्याग करून निघालेल्या सिद्धार्थाने अनोमा नदीजवळ छन्नाला निरोप दिला आणि कंथकाला घेऊन परत जाण्यास सांगितले. अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' या काव्याच्या सहाव्या सर्गात हा निरोपाचा प्रसंग असून घोड्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहिल्याचे वर्णन आहे. कंथकाने दुःखाने प्राण सोडला असे पाली परंपरेत सांगितले जाते.

अश्रूंचा भाग कवीचा म्हणून कोणी बाजूला ठेवला, तरी एक व्यवहाराची गोष्ट शिल्लक राहते. सर्वसंगपरित्याग करायला निघालेल्या पुरुषानेसुद्धा घोडा रानात मोकळा सोडून दिला नाही. ज्याला तो घोडा ओळखत होता आणि जो घोड्याला ओळखत होता, अशाच्या हाती लगाम देऊन त्याला घरी पाठविले. स्वतः सर्व सोडतानाही मुक्या जनावराची सोय आधी लावली. 'सोडून देणे' आणि 'सोपविणे' यांतील फरक येथे स्पष्ट होतो. दत्तक देणे म्हणजे सोपविणे. ज्याच्या हाती सोपविले त्याचे नाव, गाव आणि पुढची हकीकत आपल्याला ठाऊक नसेल, तर आपण सोपविले असे म्हणता येत नाही.

बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत केलेला भेदही येथे लक्षात घेतला पाहिजे. करुणा ही मानवाविषयीची. मैत्री त्याच्याही पलीकडे जाऊन सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. मैत्री हा शब्दच असा आहे की तो एका दिवसात पुरा होत नाही. ज्याची पुन्हा कधी चौकशी केली नाही, त्याला आपण मित्र म्हणत नाही.

सुटका, दत्तक आणि 'तिसरा हात'

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. इंग्लंड-अमेरिकेत उपाशी, जखमी अगर टाकून दिलेले घोडे ताब्यात घेऊन त्यांना बरे करणाऱ्या अनेक संस्था आहेत. इंग्लंडमधील 'वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर' ही संस्था १९२७ साली स्थापन झालेली आहे. संस्थेच्या तबेल्यात जागा मर्यादित असते. म्हणून बरा झालेला घोडा एखाद्या कुटुंबाला दत्तक दिला जातो आणि रिकाम्या झालेल्या ठाणावर दुसरा जखमी घोडा येतो. हे चक्र चालू राहिले तरच सुटकेचे काम चालते.

अडचण वेळेची आहे. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. एवढ्या काळात माणसाच्या घरात काय काय घडते ते आपण जाणतोच. नोकरी जाते, बदली होते, आजारपण येते, मुले मोठी होऊन घर सोडतात, कर्ता माणूस निवर्ततो. चारा, चंदी, नालबंद आणि डॉक्टर यांचा खर्च मात्र थांबत नाही. मग घोडा 'थोड्या दिवसांसाठी' ओळखीच्या माणसाकडे जातो. तो दुसऱ्याला देतो, दुसरा बाजारात विकतो. अशा रीतीने घोडा तिसऱ्या-चौथ्या हाती गेला की त्याचे जुने नाव पुसले जाते आणि तो नव्या नावाने उभा राहतो. चोरी अगर कुंपण तुटून पळून जाणे ही कारणेही आहेत, पण या हस्तांतरात चोर कोणीच नसतो. प्रत्येकाने आपल्यापुरते 'चांगल्या माणसाकडे दिला' असेच मानलेले असते.

हे धोक्याचे का, तर शेवटच्या बाजारात कोण उभा आहे हे पहिल्या माणसाला दिसत नाही. अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. परंतु त्यानंतरही लिलावात विकलेले घोडे कत्तलीसाठी कॅनडा व मेक्सिको या देशांत नेले जात राहिले. म्हणजे एकदा उपासमारीतून सोडविलेला घोडा पुन्हा त्याच खाईत पोचू शकतो.

यावर उपाय म्हणून इंग्लंडमधील काही मोठ्या संस्था घोड्याची मालकी देतच नाहीत. घोडा कुटुंबाकडे राहतो, सर्व खर्च कुटुंब करते, पण मालक संस्थाच असते आणि तिचा माणूस अधूनमधून येऊन घोडा पाहून जातो. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचे उदाहरण घेतले म्हणजे हे चटकन समजेल. गाडी घेणारा चालवतो, पण कर्ज फिटेपर्यंत ती बँकेकडे तारण असते आणि त्याला ती परस्पर विकता येत नाही. अमेरिकेतील अनेक संस्था दत्तकपत्रातच लिहून घेतात, की घोडा विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही आणि सांभाळणे जमले नाही तर संस्थेकडे परत आणायचा. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. अडचणीत आलेल्या माणसाला लाज न वाटता परत येता यावे, असे दार उघडे असेल तर घोडे हरवण्याचे प्रमाण आपोआप कमी होईल.

कैरो शहरातील शोध

हरवलेल्या घोड्यांच्या शोधाचे इतिहासातील ठळक उदाहरण इजिप्तमधील आहे. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनच्या आघाडीवर ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांबरोबर हजारो घोडे होते. १९१८ मध्ये युद्ध संपले. घोडे मायदेशी नेण्याचा खर्च नको म्हणून त्यांतील हजारो घोडे तेथेच विकून टाकण्यात आले. ज्यांनी सैन्याला पाठीवर वाहिले ते कैरोच्या रस्त्यांवर आणि दगडाच्या खाणींत ओझी ओढू लागले.

१९३० साली डोरोथी ब्रूक नावाची इंग्रज महिला पतीच्या लष्करी नेमणुकीमुळे कैरोला आली. सैन्यातील घोड्यांच्या अंगावर बाणाच्या टोकासारखा डाग दिलेला असे. त्या डागावरून तिने हाडांचे सापळे झालेले ते जुने घोडे ओळखले. १९३१ मध्ये तिने लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या दैनिकात पत्र लिहून मदतीचे आवाहन केले. लोकांनी पैसे पाठविले. तिने एक समिती नेमली आणि शोध सुरू झाला. सुमारे तीन वर्षांत पाच हजारांच्या आसपास घोडे विकत घेण्यात आले. १९३४ साली तिने कैरोत घोड्यांचे मोफत रुग्णालय सुरू केले. त्याचीच पुढे 'ब्रूक' ही जगभर काम करणारी संस्था झाली. भारतातही वीटभट्ट्यांवरील घोडे, खेचरे व गाढवे यांच्यासाठी तिने काम केले आहे.

या उदाहरणातील दोन गोष्टी आपण टिपून घ्याव्यात. पहिली म्हणजे, तिने घोडे हिसकावून घेतले नाहीत, मोबदला देऊन घेतले. घोडा ज्याच्याकडे होता तो टांगेवाला अगर हमाल स्वतःच दारिद्र्यात पिचलेला होता. त्याच्या हातून पोटाचे साधन काढून घ्यायचे तर भरपाई द्यायला हवी, आणि पुढे मोफत उपचाराची सोय त्याच्याच उरलेल्या जनावरांसाठी करायला हवी, हे तिने ओळखले. दुसरी गोष्ट कठीण आहे. शोधलेल्या घोड्यांपैकी बहुतेक इतके वृद्ध व व्याधीग्रस्त होते, की काही दिवस विश्रांती व पोटभर चारा देऊन त्यांना वेदनारहित मरण देण्यात आले. हा प्रश्न पहिल्या शीलाला जाऊन भिडतो. बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही त्यांनी भेद केला आहे. त्या चर्चेच्या प्रकाशात अभ्यासवर्गात यावर मोकळेपणी विचार व्हावा. आमच्या मते निकाल काहीही लागो, त्या घोड्यांचे शेवटचे दिवस कोणाच्या तरी जबाबदारीखाली गेले, अनाथपणे गेले नाहीत, ही गोष्ट लहान नाही.

डाग, भोवरा आणि चिप

बाणाच्या डागामुळे शोध लागला, हे आपण पाहिले. ओळखीची खूण नसेल तर शोध अशक्य होतो. परंतु लोखंड तापवून डाग देणे ही पीडा आहे. ही जाणीव आपल्या देशात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका बौद्ध राजाला झाली होती. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी घोडे व बैल यांना डागू नये, अशी आज्ञा कोरलेली आहे. दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचे नमूद आहे. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आज डागण्याला पर्याय आहे. तांदळाच्या दाण्याएवढी चिप सुईने घोड्याच्या मानेत बसवतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. यंत्र मानेजवळ धरले की तो क्रमांक दिसतो. इंग्लंडमध्ये काही अर्धरानटी कळप वगळता सर्व घोड्यांना, तट्टांना व गाढवांना अशी चिप असणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही चिप घोडा कोठे आहे ते सांगत नाही. समोर असलेला घोडा कोणता आहे, एवढेच सांगते. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे जुन्याच माणसाचा पत्ता राहिला असेल तर चिप असूनही उपयोग नाही. खूण अंगावर आणि नोंद वहीत, दोन्ही हव्यात.

चिप नसेल तेथे निसर्गाने दिलेल्या खुणा उपयोगी पडतात. रंग, कपाळावरचा टिळा, पायांवरचे पांढरे पट्टे, जुन्या जखमांचे वण आणि विशेषतः भोवरे. केसांचा भोवरा घोड्याला जन्मतः असतो, तो पुसता येत नाही आणि प्रत्येक घोड्याच्या भोवऱ्यांची मांडणी वेगळी असते. म्हणूनच परदेशात घोड्याच्या ओळखपत्रावर भोवऱ्यांच्या जागा खुणेने दाखवितात. आपल्याकडे मात्र भोवऱ्यावरून घोडा शुभ की अशुभ ठरवितात. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतील घोडेबाजारात गेलेल्या कोणासही हे ठाऊक असेल. 'अशुभ' भोवऱ्याचा घोडा चांगला असूनही पडेल किमतीला जातो आणि एका दारी टिकत नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात घोड्यांची लक्षणे पाहून भविष्य सांगण्याच्या धंद्याची गणना हीन विद्यांमध्ये केलेली आहे. तथागतांनी नाकारलेला तो भोवरा आपण शकुनासाठी न वापरता ओळखीसाठी वापरावा. अंधश्रद्धेचे साधन ज्ञानाचे साधन करता येते, ते असे.

शोध कसा घ्यावा?

अनुभवी संस्थांच्या कामाची रीत आणि साधी व्यवहारबुद्धी यांवरून पुढील पायऱ्या सांगता येतील.

(१) घोडा पळून गेला असेल तर प्रथम जवळपास पाहावे. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. तो दुसऱ्या घोड्यांकडे, पाण्याकडे, ओळखीच्या जुन्या ठाणाकडे जातो. दिसल्यास धावत मागे लागू नये. ओळखीच्या माणसाने चंदीचे घमेले हातात घेऊन सावकाश पुढे जावे.

(२) एका कागदावर घोड्याची पूर्ण ओळख लिहावी. रंग, उंची, अंदाजे वय, टिळा, भोवरे, वण, चिपचा क्रमांक, चारही बाजूंची छायाचित्रे. दत्तकपत्राची प्रत सोबत ठेवावी.

(३) पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आणि जनावरास ठार करणे अगर जायबंदी करणे यासाठी कलम ३२५ आहे.

(४) चिपची नोंद असलेल्या ठिकाणी घोडा हरविल्याची नोंद करावी.

(५) ज्यांच्या नजरेखालून घोडे जातात त्यांना कागद द्यावा. नालबंद, जनावरांचे डॉक्टर, चारा विकणारे, टेम्पोवाले, वरातीचे घोडे ठेवणारे, बाजारातील दलाल. घोड्याचे खूर सहा ते आठ आठवड्यांनी साळावे लागतात. त्यामुळे घोडा कोठेही असला तरी नालबंदाची व त्याची गाठ पडतेच. ज्या कारागिराला समाज विचारत नाही, त्याच्याकडेच पुष्कळदा उत्तर असते.

(६) हस्तांतर झाले असेल तर साखळीची एकेक कडी पकडून पुढे जावे. 'तुमच्याकडून कोणाकडे गेला?' एवढाच प्रश्न विचारावा. आरोप केला की माणूस गप्प बसतो आणि साखळी तेथेच तुटते.

(७) धीर सोडू नये. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यातून १९९७ साली 'आयडाहो' नावाची घोडी चोरीस गेली. ती दत्तक घेतलेली नव्हती, परंतु शोधाची रीत तीच. मालक दांपत्याने पत्रके वाटीत शोध चालूच ठेवला आणि ५१ आठवड्यांनी ती टेनेसी राज्यात जिवंत सापडली. त्या अनुभवातून हरवलेले घोडे शोधण्यास इतरांना मदत करणारी 'स्टोलन हॉर्स इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली.

सापडल्यावर काय?

घोडा ज्याच्या दारात सापडला तो माणूस गुन्हेगारच असेल असे नाही. त्याने चार पैसे मोजून विश्वासाने घेतलेला असू शकतो. कागद दाखवावेत, पोलिसांमार्फत बोलणी करावीत, दांडगाई करू नये. घोडा तेथे सुखात असेल आणि माणूस अटी पाळण्यास तयार असेल, तर त्याच्याच नावे नवे दत्तकपत्र करणेही योग्य ठरेल. कारण शोध घोड्याच्या हितासाठी होता, आपल्या प्रतिष्ठेसाठी नव्हे. परत आणलेला घोडा प्रथम इतर घोड्यांपासून वेगळा बांधावा आणि रक्ततपासणी करावी. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. आणि घोडा मेल्याचे कळले, तर तेही तारखेनिशी वहीत लिहावे. ज्याचा शेवट नोंदलेला आहे, तो हरवलेला राहत नाही.

एक शंका

आमच्या काही बांधवांच्या मनात येईल, की माणसे उपाशी असताना घोड्याचे कौतुक कशाला? ही शंका रास्त आहे. ज्या समाजाला पाणवठ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याने ती विचारलीच पाहिजे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, माणसाला होता. त्या काळी जनावरावर भूतदया दाखवून माणसाला दूर लोटण्यात आले. तसली भूतदया आम्हाला नको. पण त्यावरचे उत्तर जनावराला लाथाडणे हे नाही. मैत्री माणसाला वगळून होत नाही आणि माणसापाशी थांबतही नाही. कैरोच्या उदाहरणात घोड्याचे दुःख आणि टांगेवाल्याचे दुःख एकाच दोराने बांधलेले होते. एकाची गाठ सोडवायला गेले की दुसऱ्याची दिसतेच.

आपल्या मुंबईतच पाहा. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्यास सांगितले आणि या धंद्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करण्याचे निर्देश राज्य शासनाला दिले. जनावराची सुटका आणि माणसाचे पुनर्वसन यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे या निकालातून दिसते. त्याचबरोबर आमचा प्रश्न असा, की अशा प्रसंगी सुटलेल्या प्रत्येक घोड्याचे पुढे काय होते याची वही कोणी ठेवायची? प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम, कलम ११ अन्वये, जनावर उपाशी-तहानेले राहील अशा स्थितीत टाकून देणे हा अपराध मानतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य आहे. कायदा आहे, संविधान आहे; वही ठेवणारा हात हवा आहे.

आणि ती वही अवघड नाही. निवृत्तिवेतन घेणारे आपले वडीलधारे दरवर्षी बँकेत हयातीचा दाखला देतात. दत्तक दिलेल्या प्रत्येक जनावराचा तसाच वार्षिक दाखला मागावा. एक तारखेचे छायाचित्र, डॉक्टरची सही आणि सांभाळणाऱ्याचा चालू पत्ता. एवढे झाले तरी घोडा हरविल्याचे दहा वर्षांनी कळण्याऐवजी वर्षाच्या आत कळेल, आणि माग ताजा असताना शोध घेता येईल.

समारोप

अंगुत्तरनिकायातील चतुक्क निपातात पतोद सुत्त आहे. त्यात तथागतांनी चार प्रकारच्या जातिवंत घोड्यांची उपमा दिली आहे. एक घोडा चाबकाची नुसती सावली पाहून जागा होतो. दुसरा चाबूक केसांना लागल्यावर, तिसरा कातडीला लागल्यावर आणि चौथा हाडापर्यंत पोचल्यावर जागा होतो. माणसेही अशीच चार प्रकारची. एकजण अमुक गावी कोणी दुःखात आहे एवढे ऐकूनच जागा होतो. दुसऱ्याला ते डोळ्यांनी पाहावे लागते, तिसऱ्याच्या नातलगावर प्रसंग यावा लागतो आणि चौथ्याच्या स्वतःच्या अंगावर यावा लागतो.

हरवलेला घोडा आपल्या डोळ्यांसमोर नसतो, तो आपला नातलग नसतो, त्याचे दुःख आपल्या अंगावर येत नाही. त्याच्यासाठी उठायचे तर सावली पाहूनच जागे व्हावे लागते. म्हणूनच हा विषय लहान असूनही कसोटीचा आहे. आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या प्रकारात आपले नाव लिहावे, एवढीच आमची अपेक्षा.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. जखमी पक्ष्याच्या प्रसंगात रक्षणकर्त्याला मिळालेल्या हक्काबरोबर कोणती कर्तव्ये आली?

२. 'सोडून देणे' आणि 'सोपविणे' यांतील फरक कंथकाच्या कथेच्या आधारे सांगा.

३. घोड्याच्या भोवऱ्यांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी कोणत्या? त्यांपैकी धम्माला धरून कोणती, आणि का?

४. असाध्य वेदनेत असलेल्या जनावराला वेदनारहित मरण देणे पहिल्या शीलाशी सुसंगत आहे काय? बाबासाहेबांनी केलेला तत्त्व व नियम यांतील भेद लक्षात घेऊन दोन्ही बाजू मांडा.

५. आपल्या वस्तीत जनावरांवर पोट असणारी कुटुंबे कोणती? जनावर आणि माणूस या दोघांचेही हित साधेल असा एक उपक्रम सुचवा.

जय भीम! नमो बुद्धाय!